घोडेआत्याची पाठ

घोडेआत्यावर अन्याय झाला तो शहाण्णव सालच्या मे महिन्यात, शेवटच्या गुरुवारी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला. तो आम्ही केला. आम्ही म्हणजे दारूबंदीचं काम करणारा पेणमधला तरुण मुलामुलींचा गट, आणि आमच्या मागून घोषणा देत आलेलं निम्मं गाव. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. निडी आणि रोह्याच्या मधलं, एवढं पुरे. जे त्या सकाळी हजर होते त्यांना ते ठाऊक आहे, आणि हे मी त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

आत्याची एक सवय आधी सांगते, कारण पत्रकात मी तीच तिच्याविरुद्ध वापरली. रोज संध्याकाळी, चांगला उजेड असताना, ती ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसायची. हातात पितळेची लहानशी वाटी आणि वाटीत घरी केलेली जांभळाची वाईन, दोन घोट होईल एवढी. समोरून एसटी जायची, शिफ्ट सुटलेले कंपनीचे लोक सायकलींवरून जायचे, देवळात निघालेल्या बायका जायच्या. आत्या एकेकाला थांबवून घरची खुशाली विचारायची आणि मध्येच वाटी तोंडाला लावायची. साठी ओलांडलेली, नऊवारीतली बाई, भर रस्त्यासमोर. कोणी नाक मुरडलं तर ती वाटीच पुढे करायची. "लपून पितात ती दारू. माझं उजेडात हाय. मोज, दोन घोट." तिसरा घोट तिनं घेतलेला कोणी पाहिला नाही. आम्ही पत्रकात मात्र 'राजरोस मद्यपान' असे शब्द छापले. दोन घोट हे लिहायचं मी टाळलं. ठरवून टाळलं.

मतदारयादीत तिचं नाव वेगळं होतं, पण सगळं गाव तिला घोडेआत्याच म्हणायचं. तिचे वडील चाबूकस्वार, म्हणजे नवी, अडाणी जनावरं माणसाळवून देणारे. आजाही तेच करायचा. रोह्याच्या बाजारात टांगे उभे असायचे त्या काळात त्यातलं बहुतेक प्रत्येक तट्टू यांच्या पागेतून शिकून गेलेलं. घाटावरच्या बाजारातून आणलेलं, लाथा झाडणारं जनावर इथं सोडायचे आणि दोन महिन्यांनी टांग्याला जुंपून न्यायचे. आत्याच्या भावाला या कामाचा कंटाळा, म्हणून विद्या आली ती मुलीकडे. नवऱ्याकडे ती दोन वर्षं राहिली आणि परत आली. का, ते कोणी विचारलं की म्हणायची, "तो लगाम आधी घालायचा आणि नाव नंतर विचारायचा."

तिची रीत मी लहानपणी कुडणावरून, म्हणजे काट्याकाटक्यांच्या कुंपणावरून, पाहिलेली आहे. पागेपुढे गोल अंगण. नवं जनावर त्यात मोकळं सोडायचं. ना दोरी, ना लगाम. घराण्याचा चाबूक पागेत खुंटीला असायचा, पण त्याच्यावर कोळिष्टकं. आत्या पाट आणि वालाची परडी घेऊन आत जायची आणि अंगणाच्या मधोमध, घोड्याकडे पाठ करून बसायची. बिरड्याचे वाल सोलत. घोडं फुरफुरायचं, टापा आपटायचं, कडेकडेनं धावायचं. ही मान वळवायची नाही. एक दिवस, दोन दिवस, कधी आठवडा. मग केव्हातरी ते जनावर मागून एकेक पाऊल टाकत यायचं आणि तिच्या मानेपाशी वास घ्यायचं. मानेला श्वास लागला की आत्या उठायची आणि चालू लागायची. घोडं तिच्या मागून. "डोळ्यात डोळे घालून बघतो तो खायला आलेला असतो, असं जनावर समजतं," ती सांगायची. "पाठ दिली की त्याला कळतं, ह्या बाईला आपलं भय नाय आणि आपल्याला हिचं नको."

तोंडानं फटकळ. एका रिक्षावाल्यानं वाट अडवली म्हणून तिच्या घोडीला काठी मारली, तर हिनं रिक्षाची किल्ली काढून घोडीच्या तोंडाला बांधलेल्या चंदीच्या तोबऱ्यात टाकली आणि म्हणाली, घोडीला विचारून घे. एकदा रोह्याचा बँडवाला वरातीसाठी घोडी मागायला आला. फटाके वाजणार का, तिनं विचारलं. तो म्हणाला, वाजणारच. तर म्हणाली, "घोड्यावर बसवतात ते नवऱ्याला धीर यावा म्हणून. तुमच्या फटाक्यांनी घोडीचाच धीर जातो. नवऱ्याला रिक्षातून न्या." ही माझी घोडेआत्या. पैशाकडे बघून ती कधी हो म्हणाली नाही आणि माणसाकडे बघून कधी नाही म्हणाली नाही.

टांगे गेले. रिक्षा आल्या, टमटम आल्या, आणि नव्वद सालापर्यंत पागेत एकच जनावर उरलं, चंपा नावाची म्हातारी घोडी. आत्याचा भाचा दत्ता कंपनीत ठेकेदाराकडे लागला, आज काम आहे, उद्या नाही. त्याची बायको सुमन शिकलेली आणि चिवट. वाईन काढायचं डोकं तिचं. आत्याच्या घरी जांभळाचा आणि करवंदांचा रस मुरवायची जुनी चाल होती, बाळंतिणीला आणि थंडीतापाला द्यायला. सुमन म्हणाली, हेच नीट शिकून, परवाना काढून करू. दत्ता घाटावर द्राक्षवाल्यांकडे पंधरा दिवस राहून शिकून आला. पागेच्या भिंती जाड, आत मे महिन्यातही गारवा. घोड्यांच्या नऊ ठाणांत आज्याच्या वेळच्या चिनी मातीच्या नऊ मोठ्या बरण्या बसवल्या. ज्या ठाणात जी घोडी किंवा घोडा असे त्याचं नाव बरणीला. तुफान, सोनी, पाखऱ्या. चंपाचं ठाण चंपालाच राहिलं, तिच्यासाठी कडेला दहावं बांधलं होतं.

आत्यानं बरण्यांनाही घोड्याचाच नियम लावला. फळं चेचून घातली की पहिले आठ दिवस तोंडावर नुसतं मलमलचं फडकं. रस आतून उकळल्यासारखा वर येतो, फसफसतो. "आता ह्याच्या अंगात वारं हाय," ती म्हणायची. "आता तोंड बांधलंस तर फुटेल. दमू दे. मग झाकण घाल." ती रोज सकाळी प्रत्येक बरणीला पाठ लावून उभी राहायची, आतली खदखद पाठीला कळते म्हणायची. सुमन हसायची, पण तिच्या वहीत तापमानाच्या शेजारी आत्याचं मतही लिहिलेलं असायचं.

पेणला गणपती रंगवणाऱ्या एका कारागिराकडून पाटी करून घेतली. पाटीवर घोडा, तोंडाला लगाम नाही. त्या भल्या माणसाचा हात गणपतीच्या डोळ्यांवर बसलेला, त्यानं घोड्यालाही तसेच लांबट, मायाळू डोळे आखले. आत्यानं पाटी उन्हात धरून पाहिली आणि म्हणाली, "आता ह्याला हरभरे घालू का मोदक?" पण पाटी तीच ठेवली. परवाना येईपर्यंत ती लावायची नाही, आणि तोवर एक बाटलीही विकायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. विकली नाही. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मला ते माहीत होतं आणि मी लिहिलं नाही.

परवान्यासाठी ग्रामसभेचा ना हरकत ठराव लागत होता. आत्यानं अर्ज दिला आणि तो आमच्या हातात आयताच सापडला. आमच्या गटाला त्या वर्षी एक जिंकलेली लढाई हवी होती. मी गावातलीच, पेणला शिकायला राहिलेली, बावीस वर्षांची, आणि पत्रकं लिहिण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. 'पागेत दारूचा कारखाना' हे शीर्षक माझं. सभेत तिच्या घरचे तिघं सोडून सगळ्यांनी विरोधात हात वर केले. मीही केला. आत्या पुढे बसली होती. तिनं मागे वळून हात मोजले नाहीत.

इथं एका माणसाविषयी लिहिलं पाहिजे. रेल्वेरुळाच्या पलीकडे खरी भट्टी चालायची. वर्षानुवर्षं. आमच्या गावातली जी घरं बसली ती त्या भट्टीनं बसवली. तिचा मालक आमच्या मोर्चात सगळ्यात पुढे होता, आणि सगळ्यात मोठा आवाज त्याचा होता. त्याच्याविरुद्ध आम्ही पत्रक का काढलं नाही? कारण त्याला चार भाऊ होते आणि चौघांच्या हातात काठ्या होत्या. आत्याच्या दारात एक म्हातारी घोडी होती. एवढाच हिशोब. बाकी सगळी तत्त्वं मी नंतर जोडली.

तर तो गुरुवार. आम्हाला फोडाफोड करायची नव्हती, याचा आम्हाला कोण अभिमान. अहिंसक मार्गानं बरण्या सील करायच्या असं ठरलं. झाकणं दाबायची, तारेनं आवळायची आणि वरून सिमेंट थापायचं. सिमेंटची गोण कोणी दिली? त्या भट्टीवाल्यानं. फुकट. आम्ही टाळ्या वाजवून घेतली.

मोर्चा पागेशी पोचला तर फाटक उघडं होतं. आणि फाटकाच्या आत, अंगणाच्या मधोमध, पाटावर आत्या बसलेली. आमच्याकडे पाठ करून. मांडीशी वालाची परडी. घोषणा कानाशी चालल्या होत्या, पण ती एकेक वाल सोलत होती. मागून कोणीतरी ओरडलं, तोंड दाखवायला लाज वाटते बघा. दुसरा म्हणाला, माज आहे माज. मलाही माजच वाटला. कुडणावरून ते अंगण लहानपणी डोळे भरून पाहिलेली मी, आणि मलाही माज वाटला. आम्ही तिच्या दोन्ही बाजूंनी आत गेलो. एकही माणूस तिच्यामागे थांबला नाही.

सुमन दारात आडवी झाली होती, तिला बायकांनी बाजूला केलं. दत्ता कामावर होता. बरण्या आदल्याच दिवशी भरलेल्या. आम्ही पहिल्या झाकणावर तार आवळली तेव्हा आत्या उठून पागेच्या दाराशी आली. आवाज न चढवता म्हणाली, "तोंडं बांधू नका. कालची फळं हायत. आठ दिवस श्वास घेऊ द्या, मग तुम्हाला बांधायचं ते बांधा. मी अडवणार नाय."

मी म्हणाले, "आठ दिवसांत तुम्ही सगळं विकून मोकळ्या व्हाल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर मी तिला आत्या, तू म्हणत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही म्हणाले. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा जाऊन पाटावर बसली.

सील कोणी काढू नये म्हणून आम्ही पाळीपाळीनं पहारा ठेवला. शनिवारी दुपारी माझी पाळी होती. ऊन रणरणत होतं. मी फाटकाशी पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसले होते आणि पुढच्या सभेचं भाषण मनात जुळवत होते. पहिला आवाज आला तेव्हा मला वाटलं, कोणी सुरुंग लावला. मग दुसरा. मग एकापाठोपाठ. पागेच्या उंबऱ्यावरून जांभळा रस अंगणात आला. सुमन रक्ताळलेल्या पावलानं बाहेर पळत आली, आणि तिच्या अंगावरून, दावं तोडून, चंपा. फाटकात मी उभी. मी बाजूला उडी मारली. घोडी सरळ रोह्याच्या रस्त्याला लागली, मागच्या पायात खापर रुतलेलं.

मी ओरडले, धरा, धरा. चार माणसं काठ्या घेऊन धावली तशी घोडी आणखीच बिथरली. पुढून एसटी येत होती. घोडी रस्त्याच्या मधोमध गरगर फिरू लागली. आत्या घरातून आली, अनवाणी. धावली नाही. काठीवाल्यांना हातानं मागे सारलं, रस्त्यावर गेली, घोडीपासून दहा पावलांवर थांबली. आणि घोडीकडे पाठ केली.

एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं इंजिनच बंद केलं. खिडक्यांतून माणसं बघत होती. डांबर तापलेलं, आणि त्यावर अनवाणी उभी असलेली म्हातारी, हात सैल सोडलेले, नजर लांब शेतावर. किती वेळ गेला सांगता येत नाही. घोडी थरथरत होती. मग एक पाऊल आली. लंगडत दुसरं. शेवटी तिनं आपलं तोंड आत्याच्या खांद्यावर ठेवलं. आत्या चालू लागली, घोडी मागून. आमच्या समोरून दोघी घरी गेल्या. दोरी नाही, लगाम नाही.

नऊपैकी सात बरण्या फुटल्या होत्या. आज्याच्या वेळच्या, पुन्हा न मिळणाऱ्या. उरलेल्या दोन, सोनी आणि पाखऱ्या, यांची झाकणं आमच्या घाईत नीट बसली नव्हती म्हणून वाचल्या. आत्या चंपाच्या पायातलं खापर काढत होती. मी मागे जाऊन उभी राहिले. आत्या, चुकलं, एवढंच म्हणाले असेन. ती मान न वळवता म्हणाली, "परवा तुमच्याकडं पाठ करून बसले ती रुसून नाय गो. म्हटलं, एवढी माणसं आलीत, बिथरलेली. एखादं तरी जवळ येऊन वास घेईल."

मग हळदीची वाटी मागितली. मी दिली.

मी दुसरं पत्रक लिहिलं. त्यात सगळं लिहिलं, दोन घोट, न विकलेल्या बाटल्या, फुकटचं सिमेंट. गटात वाद झाला. मला सांगण्यात आलं की चळवळीनं मागे पाय घेतला की संपली. पागेत सात बरण्या फुटल्या त्यानं चळवळ संपत नाही, आणि चुकलं म्हटल्यानं संपते, अशी ती चळवळ. मी बाहेर पडले. पत्रक स्वतः वाटलं. लोकांनी घेतलं आणि त्यात भजी बांधली. आत्याला नेऊन दिलं तर तिनं ते घडी करून मला परत केलं. "हे कागद कशाला? हात वर केला होतास ना सभेत? तोच हात, त्याच सभेत वर कर. मग मी तुला जांभळी पाजते."

पुढच्या ग्रामसभेत अर्ज पुन्हा आला. बाजूनं हात वर झाले चार. आत्याचा, दत्ताचा, सुमनचा आणि माझा. भट्टीवाला मागच्या रांगेत हसत होता. आत्या उठली, पदर सारखा केला आणि सभेला म्हणाली, "मागल्या खेपेला तीन होतो. जनावर एक पाऊल आलं." लोक हसले. ती हसली नाही, ती मोजत होती. संध्याकाळी तिनं ओट्यावर मला शेजारी बसवलं, रस्त्याकडे तोंड करून, उजेडात. सोनी बरणीतली जांभळी, दोन घोट. तुरट, आणि मागून येणारी गोडी. समोरून माझे काका गेले. मी वाटी लपवायला गेले तर तिनं माझं मनगट धरलं. बळ होतं तिच्या हातात.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर आत्या गेली. तापाचं निमित्त. शेवटपर्यंत चंपाला कोण काय घालतं ते विचारत होती. तिला नेलं तेव्हा चंपा दावं न लावता नदीपर्यंत मागून आली आणि कोणी तिला हाकललं नाही. खांदा द्यायला गाव लोटलं होतं. तुम्ही होतात त्यात. मी तुम्हाला पाहिलं, आणि तुमच्यातले कितीजण रडत होते तेही पाहिलं. त्याच हातांनी तुम्ही तार आवळली होती.

पागा अजून आहे. दोन बरण्या आहेत, सात नव्या सुमननं आणल्या आहेत. पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली आहे, गणपतीच्या डोळ्यांचा घोडा अजून उजेडात आलेला नाही. रुळापलीकडची भट्टी रोज पेटते. दत्ता आणि सुमननं तिसऱ्यांदा अर्ज दिला आहे आणि तो येत्या ग्रामसभेपुढे आहे.

मी पत्रकवाली आहे, मला गोड बोलता येत नाही. श्रद्धांजली नको, आत्याच्या नावाचा फलक नको, ती किती थोर होती याची भाषणं नकोत. सभेला या. पुढे बसा. सुमन अर्ज वाचेल, तेव्हा ज्या हातानं शहाण्णव साली सिमेंट थापलंत, तो वर करा. आणि सगळे मोजून होईपर्यंत खाली घेऊ नका.